ब्रीडाच्या मळमळीवर बाबांचं नाव

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एखाद्या बाईवर संशय घ्यायला लागा, ते आपोआप साठतात! माझा संशय सुरू झाला एका बाटलीपासून.

कासलबार या आयरिश गावाजवळच्या आमच्या कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनायच्या. त्या निर्जंतुक आहेत की नाहीत हे लॅबमध्ये बघणाऱ्या आम्ही दोघी: नागपूरची मी, अनघा, आणि पन्नाशीची ब्रीडा. एका सोमवारी माझ्या प्रेसमध्ये (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात) मदर मेरीच्या आकाराची प्लास्टिकची बाटली उभी. निळा मुकुट हेच झाकण. आत पाणी. आणि लेबल नाही!

लेबल नसलेलं पाणी, तेही आमच्या लॅबमध्ये? मी गुपचूप तपासायला लावलं. तिसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरून जंतूंचे ठिपके मोजत होते, तर मागून आवाज, "किती उगवले?"

मी एवढी दचकले की प्लेट पडता पडता राहिली. ब्रीडा! तीर्थयात्रेहून तिनेच ते पाणी आणलं होतं, माझ्यासाठी.

"अ... अकरा."

"येशूचे शिष्य बारा, त्यातला एक फितूर. बरोबर आहेत की! ग्रँड!"

*

'अनघा' तिच्या जिभेला जड जायचं, म्हणून तिने मला 'अ‍ॅना' करून टाकलं. माझी कॉलेजची मैत्रीण प्राजक्ता डब्लिनजवळ डून लेरीला राहायची. तिला फोनवर सांगितलं, तर ती किंचाळलीच.

"अगं बावळट, पाणी दिलं, नाव बदललं, आता राहिलं काय? डोक्यावर ओतायचं तेवढं! बाटवणारे असेच गोड बोलतात."

पुढचा आठवडाभर ब्रीडा ग्लास घेऊन समोरून आली की मी भिंतीला चिकटून जायचे!

*

मग नागपूरला बाबांची बायपास ठरली. माझा पासपोर्ट व्हिसासाठी डब्लिनला गेलेला, त्यामुळे मला जाता येणार नव्हतं. लॅबमध्ये हे सांगताना रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर क्रूसाचं चित्र असलेलं कार्ड! आत फादरांची सही, आणि बाबांसाठी चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थना होणार असल्याचं लिहिलेलं. असलं कार्ड मी आधी एकदाच पाहिलं होतं, एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला.

"माझे बाबा जिवंत आहेत!" मी ओरडले.

"हो ना," ब्रीडा म्हणाली, "म्हणून तर घाई केली!"

*

ब्रीडाला स्वतःला कॅन्सर होता. दर तीन आठवड्यांनी केमो घ्यायची आणि चार दिवसांनी विग सारखा करत कामावर हजर. एकदा लॅबच्या कॅलेंडरवर, तिच्या केमोच्या तारखांखाली नावं दिसली. मार्चमध्ये पॅडी, तिचा भाचा. एप्रिलमध्ये माझे बाबा. तीही नेमकी ऑपरेशनचीच तारीख!

"हे काय आहे?"

"त्या दिवशीची मळमळ तुझ्या बाबांच्या नावाने देवाला देऊन टाकणार. तशी ती होणारच आहे. वाया कशाला घालवायची?"

"बदल्यात काय हवंय तुला?" मी विचारलंच.

ती खोकला येईपर्यंत हसली. "अ‍ॅना, तू पोलिसात जायला हवं होतंस!"

"आणि पॅडीला काय मिळालं?"

"ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास. तिसऱ्यांदा!" मग म्हणाली, "देव काही आपला नोकर नाही गं. पण क्रूसावर टांगला होता ना तो, त्याला दुखणं म्हणजे काय ते माहीत आहे. त्याच्या दुखण्याला माझं जोडलं की बादलीपाशी मी एकटी नसते."

हे प्राजक्ताला सांगितलं, तर या वेळी ती किंचाळली नाही. मग म्हणाली, "तरी सावध राहा!"

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ब्रीडाने जाहीर केलं, "उद्या तुझे बाबा सुखरूप बाहेर आल्याचं कळेपर्यंत मी मळमळीची गोळी घेणार नाही."

सकाळी आईला फोनवर मी हे घाबरतच सांगितलं. आई नुसतं "बरं" म्हणाली आणि बाबांना आत नेत आहेत म्हणून फोन ठेवला.

मी रजा टाकून ब्रीडाच्या वॉर्डात गेले. खरं सांगते, तिच्यावर नजर ठेवायला! पण दुपारपर्यंत ती चार वेळा ओकली. ओठ पांढरे पडले. नर्स दोनदा गोळी घेऊन आली, ब्रीडाने दोनदा परत पाठवली.

"ब्रीडा, तिचं ऐक ना!"

"तू फोन लाव."

वॉर्डात मोबाईलला बंदी, म्हणून नर्सने चाकांवरचा फोन ढकलत आणून दिला. दादाच्या मोबाईलवर रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाबांचं काही बरंवाईट तर झालं नसेल? ब्रीडाने बादली पुन्हा ओढली. मला बघवेना.

"आले बाबा बाहेर!" रिसीव्हर कानाला धरूनच मी थाप मारली. "घे गोळी!"

बादलीतून आवाज आला, "खोटारडे! रिंग मला इथपर्यंत ऐकू येतेय."

तिसऱ्यांदा लावला. वाजतोय, वाजतोय. नर्स गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी. ब्रीडाने डोळे मिटलेले, ओठ हलत होते. खट् झालं. दादाचा नाही, आईचा आवाज.

"अनू? सांग त्या बाईला, घे म्हणावं आता गोळी!"