केतकीच्या खोलीचं दार

जेवण झालंय, पंखा तिसऱ्यावर आहे आणि मांडीवरची वही जड होत चाललीय. वहीत एकोणीस जणांची मतं आहेत. पहिली कुठली प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकावी, हे विचारत मी सात महिने बार्शीभर फिरलेय. मेडिकलवाल्याचा भाचा जावा म्हणतो. धाकट्या बहिणीचे व्याही सी म्हणतात, त्यानं पाया पक्का होतो म्हणे. झेरॉक्सवाला पायथॉन सांगतो, पण कशासाठी विचारलं की गिऱ्हाईक आलं म्हणतो. प्रत्येकापुढे मी माझा शेरा लिहिलाय. एकोणिसांतल्या चौदांनी जन्मात कोडची एक ओळ लिहिलेली नाही, आणि सगळ्यांत ठाम हेच चौदा.

डोळे मिटतात. वही घसरते, आणि ती उचलायला हिंगमिरे सर वाकतात.

सरांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी चालवते ती टायपिंग इन्स्टिट्यूट त्यांचीच. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग मदतनीस, आता मालकीण. टायपिंगला कुणी येईनासं झालं, म्हणून पाटीवर मी ‘कोडिंग क्लास’ रंगवून घेतलंय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला अकरा मुली येणार आहेत आणि मला त्यातलं ओ की ठो येत नाही. तोवर शिकले नाही तर पाटी उतरवावी लागेल.

सर वही वाचतायत. चष्मा कपाळावर आहे, तरी वाचतायत. मागे इन्स्टिट्यूटची बाराही टाइपरायटर मशीनं खडखडतायत आणि खुर्च्यांवर कुणी नाही.

“मतं झकास जमवलीस,” सर म्हणतात. “हात कधी लावलास?”

मी म्हणते, आधी भाषा तरी ठरू दे. सर माझंच जुनं निरीक्षण मला ऐकवतात. इन्स्टिट्यूटच्या दारात दोन तऱ्हेची माणसं यायची. काही विचारायची, आधी मराठी करू की इंग्रजी, नोकरी कशानं लवकर लागते. ती चहा पिऊन जायची. काही नुसतं विचारायची, मशीन रिकामं आहे का. ती पास व्हायची.

आम्ही बसस्टँडवर आहोत. बाकांवर मशीनं बसलीयत, कव्हरं डोक्यावरून ओढून, लग्नाला निघालेल्या बायकांसारखी. सर एकेकीचं कव्हर उचलून बघतात आणि विचारतात, तुला टायपिंग शिकवलं कुणी. तुम्ही, मी म्हणते.

“मी पट्टी घेऊन फिरायचो नुसता. शिकवलं शेजारच्या मशीनवरच्या शकिलानं. अडलं की तू मान वळवायचीस.”

खरं आहे. मी इंग्रजीला बसले, कारण शकिला इंग्रजीला होती. दुसरं काही कारण नव्हतं.

“मग भाषा कसली बघतेस? शेजार बघ.” सर वहीवरून बोट फिरवतात. “एकोणीस झाले. घरातलं एक नाव राहिलंय.”

आम्ही आमच्याच घराच्या जिन्यात आहोत, पायरीगणिक एक मशीन. वरच्या खोलीत केतकी बसते, माझी सून. तीन वर्षं ती तिथून पुण्याच्या कंपनीसाठी पायथॉन लिहिते. मी गावभर विचारलं, तिला नाही. सासू एकदा विद्यार्थिनी झाली, की उद्या भाजीत मीठ किती तेही वरूनच ठरायचं.

सर तिसऱ्या पायरीवर मराठी मशीनपुढे बसतात. हे मशीन पहिल्यांदा आलं तेव्हा सर बावन्न वर्षांचे होते, मी वीसची, आणि त्यावर हात आधी माझा बसला. इंग्रजीत अख्ख्या तालुक्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं, आणि भरल्या बॅचसमोर ते माझ्या शेजारी येऊन बसले होते. आत्ताही तेच विचारतात.

“शैला, क कुठाय?”

मी त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट धरून ठेवते जागेवर. अक्षराची दांडी उसळते, तिच्या मागोमाग माझं बोट रिबनला लागतं.

“त्या दिवशी लाज नाही वाटली, सर?”

“वाटली ना. पंधरा मिनिटं. मग र सापडला.”

पंखा फिरतोय. चार वाजलेत. वही पायाशी पडलीय. मशीनं भंगारात जाऊन चार वर्षं झाली, घरात रिबनचा तुकडासुद्धा नाही, आणि माझ्या डाव्या मधल्या बोटावर ओली काळी शाई आहे. पदरानं पुसते तर पदराला लागते.

पदर खोचून जिना चढते. केतकीच्या पांढऱ्या दारावर टकटक करते, तसा तिथे काळा ठसा उमटतो. ती कानावरचं काढून दार उघडते. आधी ठशाकडे बघते, मग माझ्याकडे, आणि विचारते, आई, काही हवंय का.

“मशीन रिकामं आहे का?” मी विचारते.