रझियामावशींचे हात

खराडीतल्या एका शाळेच्या बसवर रझियामावशी अकरा वर्षं मदतनीस आहेत. मुलं उतरायला लागली की त्या दाराशी खाली उभ्या राहायच्या आणि एकेकाला काखेत हात घालून अलगद जमिनीवर ठेवायच्या. वेळ वाचायचा आणि कुणी पडायचंही नाही. मावशींना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

सात वर्षांची प्रियदर्शनी सगळ्यांत शेवटी उतरायची. तिची आई ऑफिसातून येईपर्यंत बस सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं उभी असायची. समोर मुली लंगडी खेळायच्या. ही खिडकीला नाक लावून बघत बसायची.

"जा की गं, खेळ."

"मला घेत नाहीत. माझा पाय लगेच टेकतो. दमही लागतो. टीचर म्हणतात, मला स्टॅमिनाच नाही."

खडकीच्या शाळेत असताना मावशींनी लंगडीत भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. त्यांनी पोरीला एका पायावर उभं केलं. तीन मोजेपर्यंत ती कलंडली. खालच्या पायरीवरून उडी मार म्हटलं, तर तिने सवयीने दोन्ही हात वर केले, उचलून घ्या म्हणून. मावशींच्या ध्यानात आलं. पायांना जमत नाही म्हणून ही खेळत नाही, खेळत नाही म्हणून दम लागतो, आणि दम लागतो म्हणून पुन्हा बसून राहते. यात आपलाही हात होता, रोजचा, मायेचा.

त्या दिवसापासून ती दहा मिनिटं कामी लागली. आधी बसच्या दाराचा दांडा धरून एका पायावर, मग दांडा सोडून, मग तीन उड्या, मग सात, आणि शेवटी खालच्या पायरीवरून उडी. पडली की मावशी म्हणायच्या, "ऊठ, जमीन कुठे पळून जात नाही."

महिन्याभराने आईने नेमकी पायरीवरची उडी पाहिली.

"अहो मावशी, पाय मोडला म्हणजे? पुन्हा असं दिसलं तर मी शाळेत तक्रार करेन."

नोकरी गेली तर मावशींचं घर कसं चालायचं? दुसऱ्या दिवशी आई वेळेआधीच फाटकाशी उभी होती. मावशींनी पूर्वीसारखे हात पुढे केले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी, बाजूला व्हा ना," प्रियदर्शनी म्हणाली.

तिने उडी मारली, एक पाय दुमडला आणि लंगडी घालत निघाली. दोनदा डगमगली, पण पाय टेकला नाही. धापा टाकत आईपर्यंत पोचली आणि तिच्या कमरेवर थाप मारून ओरडली, "आई, तू आउट!"

आईने पर्स खाली ठेवली, सँडल काढले.

"मी पळते," ती म्हणाली. "पकड बघू."

रझियामावशींचे हात अजून तसेच पुढे होते. त्यांनी ते खाली घेतले.