लिहिण्याची परवानगी नाही

मंचरच्या ज्या कॉम्प्युटर क्लासात मी मराठी टायपिंग शिकवतो, तिथेच ऋतिका पायथन शिकवते. घर कळंबचं. आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं वळली, वडिलांनी शेती धरली. तिचे मामा रखमाजी मात्र अजून शंभरेक मेंढरं राखून होते. पावसाळा सरत आला की घोडेगावच्या खाली, नदीच्या दोन धारांमधल्या गवताळ उंचवट्यावर ते मेंढरं बसवायचे.

डिंभ्याच्या धरणातून पाणी सोडलं की तो उंचवटा बुडतो. धरणाचा भोंगा तिथवर ऐकू येत नाही. म्हणून ऋतिकानं स्वतःहून एक वेबसाइट लिहिली होती. नदीकाठच्या लोकांनी आपले फोन नंबर द्यायचे. डिंभ्याचे धर्माजी काका, जे पूर्वी धरणाच्या पाटावर कामाला होते, धरणावर पाणी सोडण्याची सूचना लागली की ते ती साइटवर भरायचे, आणि मिनिटाभरात दोनशे चौदा फोनांवर मेसेज जायचा. दोन पावसाळे हे बिनबोभाट चाललं.

गेल्या सप्टेंबरात तिनं साइट नव्या सर्व्हरवर हलवली. सोमवारी स्वतःच्या हातानं प्रोग्राम चालवून स्वतःला एक मेसेज पाठवून बघितला. तो आला. मग प्रोग्राम आपोआप चालू राहील अशी व्यवस्था लावून ती घरी गेली.

गुरुवारी मंचरला लख्ख ऊन होतं. पश्चिमेला डोंगरांवर मात्र आभाळ काळंनिळं झालेलं. सव्वाबाराला धर्माजी काकांचा फोन आला.

"पोरी, म्या साडेनवाला सूचना भरली. अकराला दरवाजं उघडलं. वावरात व्हतो, आत्ता फोन बघतोय, तर मेसेजच न्हाई."

"काका, भरल्यावर काय दिसलं?"

"संदेश पाठवला, हिरव्या अक्षरात. नेहमीसारखं."

ऋतिकाचा चेहरा उतरला. ती हिरवी ओळ तिनंच लिहिलेली. मध्ये काही अडलं तरी काकांसमोर पान बंद पडू नये, म्हणून तिचा प्रोग्राम चूक गिळून तीच ओळ दाखवत होता.

तिनं मामांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

मग ती सर्व्हरवर शिरली. तिथे प्रोग्राम आपल्या अडचणी एका फाईलीत टिपून ठेवतो. तीत सोमवारपासून एकच ओळ परत परत येत होती: परमिशन डिनाइड, परवानगी नाही.

"सर, नंबर वाचता येतायत, पण लिहिता येत नाहीये," ती म्हणाली. "सोमवारी मी मालक म्हणून, म्हणजे रूट म्हणून प्रोग्राम चालवला. नंबर आणि सूचना जिच्यात साठतात ती डेटाबेसची फाईल तेव्हा रूटच्या नावानं बनली. आता प्रोग्राम साध्या युजरच्या नावानं चालतोय. त्याला त्या फाईलीत लिहायची परवानगी नाही. सूचना लिहिलीच गेली नाही, तर मेसेज कुठून जाणार?"

तिनं नंबरांची यादी छापून माझ्या हातात दिली. मी फोन करत सुटलो. पहिला माणूस म्हणाला, "मेसेज तर आला न्हाई, राव. खात्री हाय का?" दुसराही तेच. चौथ्यानं तर फोन ठेवूनच दिला. माझ्या तोंडी सांगण्यावर कोणी जागचं हलेना.

इकडे तिनं फाईल त्या साध्या युजरच्या नावावर केली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, सूचना भरली. परत अडली.

"सगळंच सगळ्यांना उघडं करून टाक ना," मी म्हणालो.

"दोनशे लोकांचे नंबर आहेत त्यात. चव्हाट्यावर मांडू?" तिनं डोळे मिटले, मग एकदम उघडले. "फोल्डर! लिहिताना डेटाबेस त्याच फोल्डरात एक तात्पुरती फाईल बनवतो. फोल्डर अजून रूटचंच आहे."

तिनं फोल्डरही त्या युजरच्या नावावर केलं. एक वाजायला पाच मिनिटं असताना टेबलावरचा तिचा फोन वाजला. मेसेज आला होता. दोनशे चौदा ठिकाणी तो तेव्हाच पोचला असणार. मामांचा फोन आता लागतच नव्हता.

आम्ही मोटरसायकलवरून घोडेगावकडे निघालो. नदी गाठली तेव्हा उंचवटा कुठे होता ते मला ओळखता आलं नाही. तपकिरी पाणी, फेस, आणि वाहत चाललेली एक घोंगडी. ती बघताच ऋतिका काठानं खालच्या अंगाला धावत सुटली.

मामा अर्धा किलोमीटर खाली सापडले. काठावर, कमरेपर्यंत चिखलात माखलेले. भोवती मेंढरं गच्च एकमेकांना चिकटून उभी होती. सदतीस गेली होती.

"पाणी गढूळलं तवाच कळलं व्हतं मला," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "फेस आला. कुत्रं भुकाया लागलं. उठलो, फोन काढून बघितला. काय न्हाई. म्हनलं, पोरीचा मेसेज न्हाई, म्हंजे पाणी न्हाई. फोन पिशवीत टाकला आन परत आडवा झालो."

"मामा, मेसेज माझ्या चुकीनं अडकला."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. त्यांनी रागवावं असं तिला वाटत होतं, हे मला दिसत होतं.

"माझा नंबर काढ त्यातनं," एवढंच ते म्हणाले.

तिनं काढला. त्याच आठवड्यात प्रोग्रामही सुधारला. खरोखर लिहून झाल्याशिवाय आणि मेसेज गेल्याशिवाय आता हिरवी ओळ येत नाही. चाचणी ती त्या साध्या युजरच्या नावानंच घेते, आणि रोज सकाळी सातला एक कोरा मेसेज स्वतःला पाठवते. तो यायला उशीर झाला तर हातातलं काम टाकून आधी सर्व्हरवर शिरते.

मला वाटलं होतं, लोक आता साइट सोडतील. झालं उलटंच. पुराची बातमी फिरली आणि पंधरा दिवसांत आणखी नव्वद जणांनी नंबर नोंदवले. काठावरचे पंपवाले, मासे धरणारे, पात्रात कपडे धुणाऱ्या बाया. मी ऋतिकाचं अभिनंदन करायला गेलो.

ती पडद्यावरची यादी खाली सरकवत होती.

"सर," ती म्हणाली, "यातलं आता नदीकडे कोण बघत असेल?"