फोरमनचा मोडलेला डाव

हात धरून कुणी रस्ता ओलांडून द्यायला लागलं, की फोरमन हात सोडवून घेत नसत. उलट त्या माणसाचं मनगट घट्ट पकडून विचारत, "काय हो, तुम्हाला दिसत नाही का? चला, मी सोडतो."

अंबडच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. काचबिंदूनं डोळे गेले, नोकरी गेली, हुद्दा तेवढा नावाला चिकटून राहिला. नव्वदच्या दशकात आम्ही इंदिरानगरातल्या काही रिकाम्या लोकांनी अंधांसाठी करमणूक केंद्र काढलं. मी सेक्रेटरी. करमणूक कुणाची, हे आम्ही ठरवलं नव्हतं. संगीत खुर्चीत आमच्या बायका खेळाडूंना खांदे धरून बसवायच्या आणि आपसांत हसायच्या. कॅरमचा स्ट्रायकर आम्ही लावायचो, त्यांनी फक्त टिचकी मारायची. मग केळी आणि फोटो. फोरमन एकदा म्हणाले, "सेक्रेटरी, खेळून लय दमला असाल. एक केळं तुम्हीपण घ्या."

त्यांचा खरा खेळ बुद्धिबळ. त्यांच्या पटाला घराघरात भोक, काळी घरं जरा उंच, सोंगट्यांना खाली खुंटी. डोळस माणसाचा पट वेगळा असायचा. प्रत्येकानं आपली चाल मोठ्यानं सांगायची, दुसऱ्यानं ती आपल्या पटावर लावून घ्यायची. सगळा खेळ दिलेल्या शब्दावर. मनमाडचे दोघे अंध टेलिफोन ऑपरेटर दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला यायचे. संपलेला डाव फोरमन त्यांना पहिल्या चालीपासून तोंडपाठ म्हणून दाखवत.

वर्धापनदिनाला आम्ही त्यांचा डाव प्रमुख पाहुण्यांशी लावला. पाहुणे केंद्राला जागा देणार होते. घरांची नावं त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांच्या चाली मी पुकारत होतो. लोक मागे चहा पीत होते. पाहुण्यांनी वजीर सरळ हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला. मी पुकारलं, "वजीर, डी पाच."

"हत्तीनं वजीर घेतला," फोरमन म्हणाले.

पाहुण्यांनी एका बोटानं वजीर हळूच बाजूला सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वजीर तिथं नाहीच, फोरमन. ई सहाला आहे."

"तुम्हीच सांगितलं ना आत्ता, डी पाच?"

"नाही. तुमच्या लक्षात राहिलं नाही," हे मी माइकवर बोललो.

"वय झालं हो," एक बाई कळवळल्या. "एवढं खेळतात हेच खूप." टाळ्या पडल्या.

फोरमननी सोंगट्या एकेक उपटून डबीत भरल्या. "काठी द्या," एवढंच म्हणाले. परत आले नाहीत. फोरमनची स्मरणशक्ती गेली, असं सगळीकडे झालं. मनमाडचे दोघेही यायचे थांबले.

काही वर्षांनी मी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. ते हसले. "मला काय सांगता? मला माहितीये. खोटं माइकवर आणि खरं घरात, ही कुठली रीत? हॉलमध्ये सांगा."

पुढच्या वर्धापनदिनाला सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं. त्यांच्या शोकसभेत मी चांगली दहा मिनिटं बोललो, त्यांच्या जिद्दीवर.

मिळालेल्या जागेत आता आम्ही डोळस म्हातारे रमी कुटतो. त्या दिवशीचे बरेच जण तिथंच असतात. त्यांनी हे वाचावं: वजीर डी पाचलाच होता. फोरमन काहीही विसरले नव्हते. मी खोटं बोललो.