मून मिस्त्रींच्या नावातलं अक्षर

मून मिस्त्रींच्या कानावर पेन्सिल दिसली नाही, तर त्यांना ताप आलाय असं खुशाल समजावं. सुताराची ती जाड, चपटी पेन्सिल. बोलता बोलता ते ती काढत आणि हाताशी असेल त्यावर चिनी लिहायला लागत. कधी फळीवर, कधी सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर, काहीच नसलं तर तळहातावर. फळीवर लिहिलेलं काम झालं की रंद्याचा एक हात मारून काढून टाकत. अक्षरांसकट पातळ साल गुंडाळत खाली पडे आणि फळी पुन्हा कोरी. या साध्या सवयीचा आम्ही पुढे काय अर्थ लावला, ते आठवलं की आजही जेवताना घास अडकतो.

त्यांचं नाव मून नव्हतंच. ते माझं कर्तृत्व. एकोणीसशे सत्तावन्न साली मी दापोलीकडून कतारला गेलो आणि तेलकंपनीच्या मेसईदच्या आवारात टाइमकीपर क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा मेसईदला आम्ही उम्म सैद म्हणायचो. वाळू, टाक्या, तेल भरायला आलेली जहाजं आणि पत्र्याचे बराकीवजा कॅम्प, एवढंच गाव. पहिल्याच आठवड्यात कलकत्त्याहून आलेला पंचेचाळिशीचा एक चिनी सुतार माझ्या खिडकीपाशी उभा राहिला. नाव विचारलं तर म्हणाला, "मो ऑन." मी घाईत दोन्ही शब्द जोडून इंग्रजीत लिहिलं, ते झालं मून. चूक लक्षात आली तेव्हा पासबुक, बिल्ला, हजेरीपट, सगळीकडे मूनच झाला होता. मी माफी मागायला गेलो तर ते हसले. "ठीक है बाबू. रात को काम आएगा." त्या दिवसापासून ते मून मिस्त्री आणि मी इब्राहिमबाबू.

कलकत्त्यात जन्मलेला, भारताचा पासपोर्ट असलेला हा माणूस हिंदी बोलायचा ती बंगाली वळणाची. बायको आणि एक मुलगी तिकडे बहूबाजारात, म्हातारे वडीलही तिथेच. लाकूड हातात घेतलं की मिस्त्री आधी त्याचा वास घ्यायचे, मग बोटाच्या पेराने टकटक करायचे. "पहले उसको पूछो," म्हणायचे. एकदा कॅम्पच्या मॅनेजरसाहेबाने टेबलाचं चित्र काढून पाठवलं. मिस्त्रींनी फळी ठोकून पाहिली आणि चित्र परत पाठवलं. निरोप एवढाच की लाकूड नाही म्हणतंय. साहेब चिडून आला, फळी उलटवून पाहिली, तर आत भेग. फळी खाली ठेवून परत गेला. त्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये मिस्त्रींचा भाव फार वाढला होता, पण त्यांनी स्वतः तो विषय पुन्हा काढला नाही.

दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपच्या सावलीला मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. ते बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पीत आणि मलाही तोच पाजत. पहिल्यांदा मला तो काढा वाटला. सहा महिन्यांत मेसमधला दुधाचा चहा मला जड वाटायला लागला. त्या बसण्यातच एकदा मी विचारलं, "मिस्त्री, तुमच्या नावाचा अर्थ काय?"

पेन्सिल कानावरून खाली आली. त्यांनी फळीवर एक अक्षर काढलं. वरून खाली येणारी एक लांब तिरकी रेघ, भाल्यासारखी, आणि तिच्या कुशीत लहान लहान रेघा. "ये मो. लढाई का अक्षर." मग त्यांना सुचेल तसं त्याच अक्षराशेजारी एकेक अक्षर ठेवून ते मला शब्द करून दाखवू लागले. हे जोडलं की हत्यार. हे जोडलं की लढण्याची विद्या, ज्यात उड्या मारतात आणि हात चालवतात ती. आम्ही दक्षिणेकडचे मो म्हणतो, उत्तरेकडचे वू म्हणतात. त्यांच्या एका मोठ्या शहराच्या, वूहानच्या नावातही हेच अक्षर. उच्चार बदलतो, घर तेच.

"आणि तुमच्या नावात का?"

"तीन भाई, तीनों में मो." त्यांच्या घराण्यात एका पिढीच्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची रीत होती. थोरला मो-हुंग, म्हणजे लढाईतला वीर. मधला मो-क्युंग, लढाईत बळकट. "और हम छोटा. मो-ऑन." ऑन म्हणजे शांती, खुशाली. आईला दोन वीर पुरे झाले होते, तिसऱ्याच्या वेळी ती म्हणाली, आता एक सुखरूप राहू दे. हे सांगून ते हसले. मग त्यांनी त्या पहिल्या अक्षराचे दोन तुकडे करून दाखवले. वर भाला. खाली थांबणे. वडील सांगायचे म्हणे, की ज्याला भाला थांबवता येतो, तोच लढणारा. आणि फळीवरून रंदा फिरला.

साठच्या सुमाराचीच गोष्ट. एक जपानी टँकर तेल भरायला आला होता. त्यातला एक मध्यमवयीन खलाशी, हातातली लाकडी पेटी मोडली म्हणून वर्कशॉपमध्ये आला. मी हजेरी घ्यायला तिथेच होतो. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मिस्त्रींना जपानी. पेटी कोणाची म्हणून मिस्त्रींनी पेन्सिल पुढे केली, तर त्याने झाकणावर स्वतःचं नाव लिहिलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताकेओ."

मिस्त्री त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले. नंतर मला कळलं. ती दोन अक्षरं जशीच्या तशी त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाची होती. जपानीही चिनी अक्षरंच लिहितात, वाचतात मात्र आपल्या पद्धतीने. चिनीत मो-हुंग, जपानीत ताकेओ. आणि तो भाऊ लढाईच्या काळात, वडिलांच्या गावाकडे कॅन्टनला गेला असताना, जपान्यांच्याच बॉम्बखाली मेला होता.

मिस्त्रींनी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, माझा भाऊ, हेच नाव. खलाशाने वाचलं, आनंदाने मान हलवली, आणि लिहून विचारलं की भाऊ कुठे असतो. मिस्त्रींनी उत्तर लिहिलं नाही. त्यांनी पेटी दुरुस्त केली, कोपऱ्यांना नवे सांधे केले, त्याला आपला तो कडू चहा दिला. दोघे अर्धा तास फळीवर लिहीत बसले, मुलं किती, गाव कुठलं, असलंच. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा खलाशी कमरेत वाकून गेला. मिस्त्रींनी फळी रंदली. मी म्हटलं, "तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

"क्या बोलेगा, बाबू? नाम उसका भी माँ ने रखा."

अशा माणसाचा मी मित्र होतो. बासष्टच्या नोव्हेंबरमध्ये मी काय केलं, ते आता सांगतो.

चीनशी लढाई पेटली होती आणि आपण मागे हटत होतो. मेसमध्ये रेडिओभोवती सगळे हिंदी कर्मचारी कान देऊन बसायचे. मून मिस्त्री मेसमध्ये यायचे बंद झाले, वर्कशॉपमध्येच डबा खायला लागले. एका शुक्रवारी दुपारी जेवणं चालली असताना चिपळूणचे हुसेनचाचा, जे मला मुलासारखं वागवत, सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे इब्राहिम, तुझं त्या चिन्याशी भारी जमतं, नाय? काय शिकवतो तो तुला?"

हसले सगळे. पण हेडक्लार्क सामंत हसले नाहीत. "खरंच, काय लिहीत असतो हो तो? आणि लिहून लगेच तासून का टाकतो?"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटली, हे खरं. मलाही त्याच्या बाजूचा समजतील, माझ्याही देशप्रेमाचा हिशेब कोणी मागेल, अशी भीती. पण नुसती भीती नव्हती. आपल्याला काहीतरी माहीत आहे आणि सगळे ऐकायला थांबलेत, याची एक गुदगुलीही झाली. तेच मला जास्त छळतं.

मी म्हणालो, "त्याच्या नावाचा अर्थ लढाई असा आहे. तिन्ही भावांच्या नावात तेच अक्षर आहे. हत्याराच्या शब्दातही तेच." कोणीतरी शीळ घातली. मी पुढे म्हणालो, "जपानी जहाजावरच्या माणसाशीपण तो असाच लिहून लिहून बोलत होता."

शांती म्हणजे ऑन, हे मी बोललो नाही. आईची इच्छा, खालचं थांबणं, मेलेला भाऊ, त्यातलं काहीच बोललो नाही. घास घेतला आणि पाणी प्यालो.

शनिवारी सामंतांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वर्कशॉपमधल्या लोकांच्या सहीसाठी अर्ज तयार होता, या माणसाबरोबर आम्ही काम करणार नाही. मसुदा हाताने लिहिलेला होता. "तुमचं टायपिंग स्वच्छ आहे, इब्राहिम," ते म्हणाले. त्यात लिहिलं होतं की सदर इसमाच्या घराण्यात लष्करी नावं आहेत, तो परदेशी खलाशांशी सांकेतिक लिपीत मजकूर बदलतो आणि नंतर पुरावा नष्ट करतो. मी टाइप केलं. तीन प्रती काढल्या. स्पेलिंगं तपासली. अर्जात त्यांचं नाव मून असंच होतं, माझ्याच चुकीचं, तेही जसंच्या तसं ठेवलं.

साहेबाने डोकं खाजवलं आणि पन्नास सुतार-फिटरांऐवजी एका सुताराला घरी पाठवणं पसंत केलं. आठ दिवसांची नोटीस.

त्या आठ दिवसांत मी वर्कशॉपकडे फिरकलो नाही. जायच्या दिवशी सकाळी ऑफिसला आलो तर मिस्त्री माझ्या टेबलाखाली गुडघ्यावर बसले होते. माझ्या खुर्चीचा एक पाय वर्षभर डुगडुगत होता आणि मी त्यांना दहादा म्हणालो होतो, बघा ना जरा. ते पाचर बसवत होते. उठले, खुर्ची हलवून पाहिली, "बैठो," म्हणाले. मी बसलो. खुर्ची जागची हलली नाही. "अच्छा से रहना, बाबू." माझ्या तोंडून "इन्शाल्ला" एवढंच निघालं, ते कशाला निघालं कोण जाणे. ट्रक बाहेर उभा होता. ते दोह्याला, तिथून मुंबईच्या बोटीवर.

चार महिन्यांनी रजेवरून परतलेल्या एका माणसाने सांगितलं, मुंबईला उतरताच मून मिस्त्रींना पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्या वेळी हिंदुस्थानातल्या चिनी वंशाच्या कितीतरी लोकांना राजस्थानातल्या छावणीत नेलं होतं. पासपोर्ट भारताचा असला तरी. कतारमध्ये राहते, तर वाचले असते. त्या दिवशी मी तापाचं निमित्त करून खोलीत पडून राहिलो. हुसेनचाचा पेज घेऊन आले. त्यांना सांगावंसं वाटलं, पण त्यांचीही सही त्या अर्जावर होती.

अडुसष्ट साली माझा मामेभाऊ कलकत्त्याला गोदीत बोटीवर होता. त्याला भेटायचं निमित्त काढून मी रजेत तिकडे गेलो आणि दुसऱ्याच दिवशी बहूबाजारात विचारत हिंडलो. मून हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. मो-ऑन म्हटल्यावर पानवाल्याने गल्ली दाखवली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मिस्त्री वाळले होते, केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी रंदा ठेवला, "बाबू!" म्हणाले आणि बायकोला हाक मारली. मी भिंतीशी रचलेल्या फळ्यांवर बसलो. तीच कडू चहाची वाटी हातात आली. छावणीत दोन वर्षं गेली, असं त्यांनी सांगितलं. तिथे त्यांनी लोकांसाठी खाटा केल्या. वडील त्याच काळात इकडे गेले. खबर पोचायला महिना लागला. हे सगळं ते हवापाण्याचं बोलावं तसं बोलले.

मला थांबवेना. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, मेस, मी काय बोललो, काय बोललो नाही, ते टायपिंग, त्या तीन प्रती. आतल्या खोलीतली भांडी वाजायची थांबली.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मालूम है."

"केव्हापासून?"

"नोटिस मिला, उसी दिन." ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. "नाम का बात हम और किसको बोला था, बाबू? पूरा क़तर में एक तुमको."

म्हणजे खुर्चीचा पाय बसवताना त्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. माफ केलं म्हणतील, किंवा चालता हो म्हणतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं मला. त्यांनी माझ्या हातातली रिकामी वाटी घेतली, बाजूला ठेवली आणि रंदा उचलला.

"ज़रा उठो बाबू," ते म्हणाले. "लकड़ी चाहिए."

मी उठलो.