नंदिनीच्या उत्तरपत्रिकेतले रिकामे गोल

नंदिनी निषाद आणि तिच्या वर्गातल्या आणखी दहा मुलींवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. वेळ माझ्या मनची नाही, फोनमधल्या ॲपनंच नोंदवून ठेवली आहे. त्या मिनिटाला त्यांच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांचे फोटो निघायला लागले आणि पाव तासात आठवीच्या अकराच्या अकरा मुली विज्ञानात कच्च्या ठरल्या. शाळा सरकारी, नदीवरच्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतली. दीड महिना कुणी चकार शब्द काढला नाही.

मीही नाही. उलट, मी त्या निकालावर विश्वास ठेवला. आधी तेच कबूल करते, मग इतरांवर ओरडते.

निकाल वाचणं हे माझं काम. आमची संस्था छोटी आहे, मैदागिनला शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. सरकारी शाळांत एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा होते. तिचा निकाल आला की आम्ही तो फोडतो. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, दलित मुलं वेगळी, अपंग मुलं वेगळी. याला गटवार निकाल म्हणतात. हे कशासाठी? सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली की कोण मागे पडलं ते तिच्या पोटात गडप होतं. फोडलं की दिसतं. दिसलं की आम्ही पत्रक काढतो, वाटतो, कचेरीत जाऊन बसतो. पत्रकं मी लिहिते. घरी रामघाटला आई म्हणते, "मुक्ता, तू लिहितेस की भांडतेस?" मी म्हणते, दोन्ही.

तर निकाल आला. या शाळेत आठवीच्या मुलांचे विज्ञानाचे गुण चांगले, आमच्या सगळ्या शाळांत वरचे. मुलींचे सगळ्यांत खालचे. एकच वर्ग, एकच मास्तर. गणितात आणि हिंदीत मात्र मुली मुलांच्या बरोबरीनं. फक्त विज्ञानात खड्डा.

बैठकीत शिक्षण कचेरीतल्या साहेबांनी तक्ता पाहिला आणि पुढचं पान उलटलं.

"सर, याचं कारण?" मी विचारलं.

"कारण क्या? लड़कियों की रुचि नहीं होती साइंस में. नेचुरल है."

"गणितात होते, विज्ञानात होत नाही?"

"मुक्ता जी, चाय पीजिए."

चहा प्यायला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण त्या पानाखाली दुसरं पान होतं. नववीत ज्या कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, या मुली जाणार, तिथं विज्ञानाचा एकच वर्ग. जागा कमी, म्हणून या परीक्षेच्या गुणांवरून नावं सुचवायची. ज्यांची नावं नाहीत त्यांना गृहविज्ञान. यादी शनिवारी दुपारी एक वाजता बंद होणार होती. मी मुलींची नावं शोधत गेले. अकरापैकी एकही मुलगी यादीत नव्हती. एकही!

मी पेटले. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'मास्टरजी, लड़कियों को पढ़ाया क्यों नहीं?' खाली शाळा, खाली विज्ञानाच्या त्रिपाठी मास्तरांचं नाव, आणि 'कर्तव्यहीन' हा शब्द, जाड टाइपात. आमचे मिश्राजी संस्था चालवतात, वय साठ, पान लावल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांनी वाचलं.

"लड़कियों से मिली हो?"

"आकडे बोलतायत, मिश्राजी."

"आंकड़ा गूंगा होता है. बोल तो तुम रही हो. एक बार मिल आओ."

पत्रकं छापून आली होती. गठ्ठा झोळीत टाकून मी गुरुवारी घाटावर उतरले. पत्रकात घालायला मुलीच्या तोंडचं एखादं वाक्य मिळालं तर बरं, एवढाच विचार. तक्त्यातलं पहिलं नाव नंदिनीचं. ती वडिलांच्या नावेतलं पाणी डब्यानं उपसत होती. तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आवाज घाटाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा.

"विज्ञान अच्छा नहीं लगता?" मी हळुवारपणे विचारलं. पीडितांशी आपण बोलतो तसं.

तिनं डबा खाली ठेवला. "किसने बोला?"

"पेपर कसा गेला होता?"

"एकदम बढ़िया. दीदी, उसमें पूछा था कि पानी में चप्पू टेढ़ा काहे दिखता है. हमसे पूछ रहे हैं! हमसे!" ती वल्ह्याकडे बोट दाखवून हसायला लागली. "दूसरा विकल्प. प्रकाश मुड़ जाता है."

उत्तर बरोबर होतं. मी फोनवर प्रश्नवार तक्ता उघडला. यात प्रत्येक मुलानं प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय निवडला ते असतं. सहसा कुणी तो उघडत नाही, मीही उघडला नव्हता. वल्ह्याचा प्रश्न सातवा. नंदिनीच्या नावापुढे सातव्या रकान्यात काहीच नव्हतं. चूक नव्हे, रिकामं. आठवाही रिकामा, नववाही.

"नंदिनी, उत्तरं सोडून दिली होतीस का?"

"खाली काहे छोड़ेंगे? गलत का नंबर थोड़े कटता है! नहीं आता तो तुक्का मारते हैं. आप नहीं मारती थीं?"

मारायचे. सगळेच मारतात. मी बाकीच्या दहाजणींच्या ओळी बघितल्या. अकरा मुली, प्रत्येकीच्या तक्त्यात निम्म्याहून जास्त रकाने रिकामे, आणि जिथं भरलेले तिथं उत्तर बहुतेक बरोबर. ज्याला येत नाही तो असा पेपर देत नाही. कुणीतरी मधे त्यांची उत्तरं खाल्ली होती!

शुक्रवारी सकाळी शाळेत गेले. त्रिपाठी मास्तर निवृत्तीला टेकलेले, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, बोलणं अदबशीर. उत्तरपत्रिका कुठं असतात असं विचारलं, तर त्यांना आनंदच झाला. "आज तक किसी ने मांगा ही नहीं." लोखंडी कपाटातून त्यांनी कापडी बस्ता काढला, गाठ सोडली, गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. या परीक्षेची उत्तरपत्रिका म्हणजे एक कागद, त्यावर नुसते छोटे गोल. निवडलेल्या पर्यायाचा गोल पेननं भरायचा. मग फोनवर ॲप उघडून कागदाचा फोटो काढायचा, गुण आपोआप. मुलं गोलाबाहेर रंगवतात, खाडाखोड करतात. म्हणून अनेक शाळांत मुलं पेन्सिलीनं प्रश्नपत्रिकेवरच खूण करतात आणि नंतर मास्तर ती उत्तरं गोलांत उतरवतात. नियमात बसतं का? नाही. चालतं का? चालतं.

मी वरचे कागद चाळले. मुलगे. निळे गोल, टपोरे, एकही रेषेबाहेर नाही. मग मुली आल्या.

लाल.

अकराही कागद लाल पेननं भरलेले. तितकेच टपोरे, तितकेच नेटके.

"मास्टरसाब, हे लाल का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सूर्य पूर्वेला का उगवतो असं विचारलं. कपाटातून हजेरीचं रजिस्टर काढून उघडलं. मुलांची नावं निळी, मुलींची लाल. "छात्राओं का नाम लाल से ही चढ़ता है. हमेशा से. हमने सोचा, गिनती में भी आसानी रहेगी."

खरंच तसंच आहे. माझ्याही शाळेत माझं नाव लाल होतं. किती मुलं, किती मुली हे मोजताना बरं पडतं म्हणून. माणसाच्या डोळ्याला लाल ठसठशीत दिसतो. ॲपला नाही. ते फोटोतले रंग काढून टाकतं आणि फक्त गडद काय, फिकट काय तेवढं बघतं. निळा, काळा गडद उतरतो. लाल फिकट. फिकट म्हणजे रिकामा. मास्तरांनी जिथं दोनदा घोटलं होतं तेवढेच गोल त्याला दिसले. गणिताचे आणि हिंदीचे कागद दुसऱ्या मास्तरांनी भरले होते. त्यांच्याकडे एकच पेन होतं.

मी कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. 'केवल काला या नीला पेन.'

"मास्टरसाब, सूचना नाही वाचली?"

"सूचना तो बच्चों के लिए होती है," ते म्हणाले. मग अर्थ पोचला. खुर्चीत बसले. "ग्यारहों का?"

"ग्यारहों का."

झोळीतला गठ्ठा मला टोचत होता. लपवणं मला जमत नाही. एक पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"'कर्तव्यहीन' की मात्राएं ठीक हैं," ते म्हणाले. "बाकी ग़लत है. पढ़ाया तो है हमने."

"मी हे वाटणार नाही."

"वो बाद में देखिए. कल एक बजे तक क्या करना है, वो बोलिए."

तेव्हा मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. चूक त्यांची होती आणि सारवासारवीचा एक शब्द नाही! स्वतःच अर्ज लिहिला, 'मेरी भूल से', खाली सही, शाळेचा शिक्का. बस्त्यात मुलींच्या प्रश्नपत्रिकाही निघाल्या, त्यांच्या स्वतःच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. यापेक्षा मोठा पुरावा नव्हता.

शनिवारी अकरा वाजता आम्ही कचेरीत. मी, मिश्राजी, बस्ता घेतलेले मास्तर, आणि नंदिनी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "हमारा पेपर है, हम नहीं जाएंगे?" म्हणून ती ई-रिक्षात आधीच जाऊन बसली होती.

साहेबांनी अर्ज वाचला. "रिजल्ट फ्रीज हो चुका है."

"फ्रीज कोणी केला?"

"ऊपर से."

"चूक खाली झाली आहे, सर. इथंच दुरुस्त होईल."

"देखिए, ग्यारह लड़कियां. ज़िले के औसत पर रत्ती भर फ़र्क नहीं पड़ेगा."

मी तोंड उघडणार तोच नंदिनी म्हणाली, "सर, औसत को नौवीं में थोड़े बैठना है. हमको बैठना है."

मिश्राजींना तोंडातलं पान सांभाळता येईना. साहेबही हसले, पण हरले नाहीत. "पेन से फ़र्क पड़ा, इसका सबूत?"

"तुमचा फोन द्या," मी म्हटलं.

त्यांच्या फोनवर ॲप होतं. नंदिनीचा लाल कागद टेबलावर ठेवून फोटो काढला. वीसपैकी चार. मग कोरा कागद घेतला. मास्तरांनी तिच्या पेन्सिलीच्या खुणा एकेक मोठ्यानं वाचल्या आणि साहेबांनी, हो, साहेबांनी स्वतः, आपल्या काळ्या पेननं गोल भरले. फोटो. फोनवरचं चक्र क्षणभर फिरत राहिलं. घड्याळात पावणेबारा.

वीसपैकी सतरा!

मी टेबलावर हात आपटला. नंदिनी उड्या मारत नव्हती. ती वाकून स्क्रीन बघत होती. "तीन कौन सा गलत हुआ?" तिनं विचारलं.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "बाकी दस निकालिए. जल्दी."

एकला सहा मिनिटं कमी असताना शेवटचा कागद झाला. अकरापैकी नऊ जणींची नावं विज्ञानाच्या यादीत चढली. दोघींना कमीच गुण पडले. ते खरेच कमी होते, पेनचा दोष नव्हता. त्यांना मास्तर आता सुट्टीच्या दिवशी शिकवतायत. नंदिनी नववीत विज्ञानाला बसते. माझी पत्रकं रद्दीत गेली.

निघताना मी साहेबांना विचारलं, बाकीच्या शाळांत असंच काही झालं नसेल कशावरून? तिथले कागद कधी तपासणार?

"शिकायत आएगी तो देखेंगे."

तक्रार कशी येणार? इथं शून्य आलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. शून्य आलं नाही, कमी आलं. आणि मुलींना विज्ञानात कमी येणं कुणालाच खटकलं नाही. साहेबांना नाही, मला नाही. मी तर गटवार निकालाची पगारी वाचक. माझ्या धंद्यातला धडा एवढाच: जो आकडा आपल्या मनातल्या समजुतीशी बरोबर जुळतो, तो सगळ्यांत आधी तपासावा.

उत्तरपत्रिका शाळेत काही महिनेच राहतात, मग रद्दी होतात. म्हणून तुम्हाला सांगते, विनंती नाही, मागणी आहे. तुमच्या घराजवळ सरकारी शाळा आहे. ज्या गटाचा निकाल सगळ्यांत खाली असेल, मुलींचा असो की कुणाचाही, त्याच्या उत्तरपत्रिका बघायला मागा. नाही म्हणाले तर लेखी मागा. येत्या सोमवारी, शाळा भरायच्या वेळी, दारात उभे राहा.