आधी पप्पा

कोरोनाची लस नवीन निघाली तेव्हा अंबरनाथ पूर्वेच्या रिक्षा स्टँडवर माझ्याइतका मोठा लसवाला दुसरा कोणी नव्हता. पालेगावच्या नव्या टॉवरांमधून म्हाताऱ्यांना रिक्षात घ्यायचं, लस देत होते त्या शाळेपाशी सोडायचं आणि वाटेत फुकटचा धीर द्यायचा. उल्हासनगरहून तिकडे राहायला आलेले एक सिंधी आजोबा तर मागून माझा खांदाच धरून बसले होते. "भाऊ, कुछ होगा तो नहीं?" मी म्हटलं, "अरे साई, चींटी काटती है बस. काही होत नाही!" परत येताना ते हसत होते. मी स्वतः मात्र अजून घेतली नव्हती.

घेणार कशी? आमच्या स्टँडवरचा एक जण लस घेतल्यावर चार दिवसांनी गेला. त्याला शुगर होती, आधी छातीत दुखून ॲडमिटही झाला होता, सगळं आम्हाला ठाऊक. पण घाबरलेल्या माणसाला हवं तेवढंच आठवतं. मला फक्त सुई आठवायची. बायको लस घेऊन आली, एक दिवस ताप काढला आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसली. मला म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मी तिच्यावरच खेकसलो. भीती वाटली की मला आधी राग येतो.

मग बदलापूरहून पोरीचा फोन आला. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, आमच्यात दुसरा विचारच नसतो. बायकोनं जुन्या मऊ साड्यांची दुपटीही शिवून ठेवली होती.

"पप्पा, तुम्ही लस घेतल्याशिवाय मी येणार नाही."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही." फोन कट.

हट्टी आहे ती पहिल्यापासून. लहानपणी तिला तापाचं कडू औषध पाजायचं म्हणजे घरात तमाशा. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायची. मग हळूच म्हणायची, "आधी पप्पा." मी चमचा चाटायचो, तोंड वाकडं न करता "मस्त आहे" म्हणायचो, तेव्हा कुठं ती घ्यायची. आता मला वाटलं, बाळाच्या काळजीनं बोलतेय. दिवसभर शंभर लोकांच्या श्वासात बसणारा बाप, घरात तान्हं लेकरू. तिचं चुकत नव्हतं. आणि मी घाबरलो म्हणून पोरीचं माहेरपण चुकलं, तर सासरच्यांना काय तोंड दाखवणार होतो?

दोनदा रांगेत उभा राहिलो आणि दोनदा पळालो. एकदा भाड्याचं निमित्त केलं, एकदा तर सरळ गॅस भरायचाय म्हणून सटकलो. तिसऱ्या वेळी बायकोनं हातावर दहीसाखर ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर येऊन बसली. शाळेशी उतरल्यावर किल्ली काढून घेतली तिनं. च्यायला, मालकाचीच गाडी जप्त!

आत नर्सबाईंनी विचारलं, "काका, कुठल्या हाताला?" डाव्या हातात क्लच, उजव्या हातात रेस. "दोन्ही लागतात हो," मी म्हणालो. बाई हसल्या आणि बोलता बोलता डाव्या दंडात टोचूनही मोकळ्या झाल्या.

मग अर्धा तास पोरांच्या बुटक्या बाकावर बसायचं होतं. मी नुसता जीव मुठीत धरून होतो. दंडाला मुंग्या आल्या, वाटलं, आलं हे हृदयाकडे. घसा कोरडा पडला, वाटलं, आता श्वास अडकणार. समोरच्या भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा. डोळे मिटले तर मेलो असं समजून मी तेच वाचत बसलो. पण काही झालं नाही. हळूहळू घाम सुकला, नि मी ऐटीत पोरीला फोन लावला.

"घेतली गं! आता बॅग भर."

मग तिनं विचारलं, "पप्पा, खरंच काही होत नाही?"

"का गं?"

"डॉक्टर म्हणतात, आता पोटुशींनाही देतात, घेऊन टाक. मी रोज उद्या म्हणते. मला फार भीती वाटते, पप्पा. माझं नाही, पोटातल्याचं काय होईल? म्हटलं, आधी तुम्ही."

रिक्षात ज्याला त्याला फुकट वाटलेलं ते "काही होत नाही" जिभेवर तयार होतं, पण काही केल्या बाहेर पडेना. पोरगी तिकडे कान देऊन थांबलेली.

"मला पण लय भीती वाटली," मी म्हणालो. "दोनदा पळून आलो मी. तू थांब, मी गाडी घेऊन येतो. डॉक्टरांना परत विचारू, मग दोघं जाऊ. मी शेजारी बसतो."

ती रडत "या" म्हणाली. मी उठलो तर नर्सबाई ओरडल्या, "काका, बसा, अर्धा तास व्हायचाय अजून!" बसलो. दंड दुखतोय की नाही ते कळत नव्हतं, शेजारी बसलेल्या बायकोपुढे मी किल्लीसाठी हात केला. तिनं किल्ली न देता हातच धरून ठेवला.